कर्नालच्या वाळूतलं निळं निशाण

१

सुभेदार मेजर रावसाहेब ओव्हाळ यांना कोणी 'निवृत्त' म्हटलेलं खपत नसे. "निवृत्त होतात ते बँकवाले," असं ते म्हणत, आणि समोर दिगंबर लिमये असले तर जरा जास्तच मोठ्याने म्हणत. लिमये बँकेतूनच निवृत्त झाले होते. आता ते बुधवार पेठेत इतिहासप्रेमींचा वर्ग चालवत. खाली स्पीकर आणि वायरींची दुकानं, वर हॉल, आणि हॉलमध्ये दर महिन्याला एक व्याख्यान. श्रोते कोण, तर व्याख्यात्याची चूक सापडल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही असे लोक.

फेब्रुवारीतल्या व्याख्यानाचा विषय होता कर्नालची लढाई. इराणचा नादिरशहा आणि दिल्लीचा मोगल बादशहा. एका दुपारात दिल्लीचं तख्त खिळखिळं झालं ती लढाई. लिमयांना पडद्यावर चित्रं दाखवायची होती. रावसाहेबांनी ते हाणून पाडलं. "चित्रं लग्नात दाखवा. लढाई वाळूत समजते."

बोलत होते ते उगाच नाही. पलटणीत सँड मॉडेल, म्हणजे वाळूतली रणभूमी, करावं तर ओव्हाळांनीच, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती इतरांनी विसरू नये याची काळजी ते स्वतः घेत. वारज्याहून रोज जेवून निघायचे, हॉलमधल्या दोन पलंगांएवढ्या लाकडी चौकटीत वाळू भरायची, पाणी शिंपडून ती थापायची, टेकाड, ओढा, गाव उठवायचं. वाळू चाळायला घरातली पिठाची चाळणी आणली होती. त्यावरून पत्नी सत्यशीलाबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. रावसाहेबांच्या मते त्यामुळे कामाला उलट शांतता मिळाली.

कालव्यासाठी चंदेरी कागदाची पट्टी. कालव्याच्या अलीकडे मोगलांची छावणी, भोवती मातीची भिंत. पलीकडे सपाट माळ. माळाच्या टोकाला, गावाच्या आडोशाने, दबा धरलेले इराणी. इराण्यांची निशाणं लाल, मोगलांची हिरवी. टाचण्यांना चिकटवलेले नखाएवढे कागद ते, पण एकही वाकडं नाही.

"निळं कुठाय?" लिमयांनी विचारलं. लष्करात आपली बाजू निळ्याने दाखवतात, हे त्यांना रावसाहेबांनीच कधीतरी ऐकवलं होतं.

खरं तर पलटणीतली रीत अशी, की वाळूवर पहिलं निशाण आपलं रोवायचं, मग बाकी सगळं. रावसाहेबांच्या उस्तादाने हे त्यांच्या डोक्यात टपल्या मारून बसवलं होतं. आपली बाजू नसेल तर ते मॉडेल नव्हे, नुसती उघडी जमीन. तिथे कोणीही येऊन उभं राहील, असं उस्ताद म्हणायचा.

"निळं कशाला? ना हे आपले, ना ते आपले," रावसाहेब म्हणाले. "दोघं आपसात काय ते बघून घेतील." आणि निळ्या निशाणांची जुनी पत्र्याची डबी त्यांनी पिशवीतून बाहेरही काढली नाही.

२

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मोगल छावणीच्या वेशीत एक निळं निशाण उभं होतं.

रावसाहेबांनी पिशवी चौकटीशी टेकवली. मग त्यांना राग आला. त्यांच्या वाळूला कोणी हात लावणं म्हणजे त्यांच्या ताटात हात घालणं होतं.

"गोदाबाई!"

गोदाबाई हॉलची झाडलोट करायच्या. लोणी काळभोरहून रोजची बस करणारी बाई, कोणाच्या बापाला भिणारी नव्हती. "म्या न्हाई हात लावला," त्या केरसुणी न टाकता म्हणाल्या. "झाडायलाबी तिकडं जात न्हाई. तुमची माती तिथनं हालती."

"हालते म्हणजे?"

"हालती म्हंजी हालती. खाली ते ठोकळे लावत्यात ना गाण्याचे, त्यानं हालत आसंल."

ते पटण्यासारखं होतं. खालच्या दुकानात दिवसभर स्पीकर तपासत. एकच धुमधुम आवाज जमिनीतून पायात यायचा. पण त्या आवाजाने वाळू हलेल, निशाण कसं उगवेल? रावसाहेबांनी वाकून टाचणी उपटली आणि चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांजवळ धरला.

कागदावर बॉलपेनने 'प्र' काढलेला होता. वेडावाकडा.

तो त्यांच्या प्रज्ञेशने काढलेला होता. पोरगा पहिलीत असताना बापाच्या डबीतलं एक निशाण हट्टाने मागून घेतलं, वर आपल्या नावाचं अक्षर काढलं, आणि पुन्हा डबीतच ठेवलं, "माझं पण लढाईत असू दे" म्हणून. तोच प्रज्ञेश आज कॅप्टन होता. सुभेदाराचा पोरगा साहेब झाला. पासिंग आऊटच्या दिवशी त्याला पहिला सॅल्यूट बापाने ठोकला आणि मग मैदानाकडे पाठ करून नाक शिंकरलं. त्या दिवसाची गोष्ट वारज्यात एकही घर असं नव्हतं जिथे दोनदा सांगून झाली नव्हती.

रावसाहेबांनी पिशवीतली डबी काढली. झाकण घट्ट बसलेलं होतं. ते उघडून त्यांनी निशाण आत ठेवलं. वय झालं की विसरायला होतं, काल आपणच काढलं असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मात्र त्यांच्या वयाबद्दल दुसरं कोणी असं बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती.

३

संध्याकाळी चहाच्या वेळी प्रज्ञेशचा फोन आला. तो उत्तरेत, बर्फातल्या एका ठाण्यावर होता. नेमकं कुठे ते तो सांगत नसे आणि बाप विचारत नसे. आई मात्र विचारायची.

"थंडीत टोपी घालतोस ना रे?"

"घालतो, आई. बाबा आहेत का?"

रावसाहेब फोन हातात घेताना उठून उभे राहायचे. लेकाशी बोलताना बसून बोलणं त्यांना बरं वाटत नसे.

"बाबा, खालून येणारं आमचं सामान वाटेत अडकलंय. हमाल बिचारे एकटे आहेत. उद्या चार पोरं घेऊन त्यांना आणायला जातोय. दोन दिवस फोन लागणार नाही, आईला सांभाळा."

रावसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. कर्नालला अगदी हेच झालं होतं. मोगलांकडचा अवधचा सुभेदार थकूनभागून छावणीत पोचला, त्याचं सामान मागे वाटेवर राहिलं, इराण्यांनी ते लुटायला घेतल्याची बातमी आली, आणि तो मागचापुढचा विचार न करता मूठभर माणसं घेऊन बाहेर पडला. तिथून पुढे सगळं बिघडलं.

"मागे राखीव कोण?" त्यांनी विचारलं.

"आहेत हो सगळे. तुम्ही पण ना, बाबा. ठेवतो."

फोन ठेवल्यावर रावसाहेबांनी पिशवीतून डबी काढून देवघराच्या कोनाड्यासारखं जे त्यांच्याकडे होतं, त्या बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या फळीवर ठेवली. सत्यशीलाबाईंनी विचारलं, "ही काय इथे?" ते म्हणाले, "राहू दे. घरात असलेली बरी."

४

डबी घरात राहिली. निशाण राहिलं नाही.

शनिवारी हॉलमध्ये ते कालव्याच्या पलीकडे होतं. छावणी सोडून, चंदेरी पट्टी ओलांडून, उघड्या माळावर. 'प्र' अक्षराचं तोंड इराण्यांकडे.

या वेळी रावसाहेबांनी गोदाबाईंना हाक मारली नाही. घाईघाईने त्यांनी चिमटीत टाचणी धरली आणि ओढली. ती निघेना. ओल्या वाळूतली दोन बोटांची टाचणी, पण जमिनीत पहार गाडावी तशी घट्ट. बोटांखाली वाळू गरम लागली. हॉल सावलीचा, पंखा चालू, आणि वाळू उन्हात तापलेल्या रस्त्यासारखी. वासही येत होता, उंटांचा. राजस्थानात त्यांनी चार वर्षं काढली होती, तो वास त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता. कर्नालला इराण्यांनी उंटांच्या जोड्यांवर फळ्या बांधून त्यावर आग पेटवली होती, मोगलांचे हत्ती बुजावेत म्हणून.

रावसाहेब माणूस सरळ डोक्याचा. भुताखेतांना त्यांच्या घरात त्यांच्या वडिलांनीच कायमची रजा दिलेली होती. त्यांनी वाळूवर पाणी शिंपडलं, खिडक्या उघडल्या, खाली जाऊन स्पीकरवाल्या संतोषला आवाज बंद करायला लावला. संतोष म्हणाला, "काका, आज लाइटच नाही सकाळपासून. काय वाजवू?"

ते वर आले. धुमधुम चालूच होती. आणि पंखाही फिरत होता. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. पलटणीतून होता. बोलणारा अधिकारी अदबीने बोलत होता, आणि अदबीचा अर्थ रावसाहेबांना समजत होता. असे फोन एके काळी त्यांनी स्वतः केले होते. वर वादळ आलं होतं. हमाल पुढे निघून सुखरूप ठाण्यावर परतले होते. कॅप्टन ओव्हाळ आणि त्यांच्यासोबतचे चौघे अजून परतले नव्हते. हवा उघडेपर्यंत मागून कोणाला पाठवता येत नव्हतं.

"आपण काळजी करू नका, साहेब."

"मी काळजी करत नाही. अभिमान बाळगतो," रावसाहेब म्हणाले. फोन ठेवल्यावर ते चौकटीला धरून खाली बसले.

सत्यशीलाबाईंना त्यांनी घरी जाऊन सरळ सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "उद्याचं तुमचं व्याख्यान?" त्यांनी विचारलं.

"रद्द करतो."

"का? त्याला कळलं तर काय म्हणेल? करा. मी पण येते."

५

रविवारी हॉल भरलेला होता. पलटणीचा फोन दुपारपर्यंत आला नव्हता. रावसाहेब पदकं लावलेला कोट घालून आले, आणि आल्या आल्या त्यांनी वाळू पाहिली. निळं निशाण गावाच्या आडोशाशी पोचलं होतं. तिन्ही बाजूंनी लाल. आणखी वीतभर पुढे गेलं की संपलं. तिथून एकही माणूस परतला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी काठी उचलली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज कापला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. सामानासाठी अवधचा सुभेदार कसा निघाला ते त्यांनी सांगितलं. त्याच्या मदतीला दुसरा सरदार कसा धावला, इराण्यांनी पळतोय असं दाखवून दोघांना आत कसं ओढलं, आणि मग आडोशामागून बंदुका कशा उठल्या. श्रोत्यांमधली कुजबुज थांबली. पहिल्या रांगेत सत्यशीलाबाई हात जुळवून बसल्या होत्या.

"आणि दिल्लीचा बादशहा?" कोणीतरी विचारलं.

"बादशहा अख्खी फौज घेऊन कालव्यापर्यंत आला," रावसाहेबांनी काठी चंदेरी पट्टीवर टेकवली. "हत्ती, तोफा, हजारो माणसं. समोर आपली माणसं मरताना दिसत होती."

"आणि तिथेच थांबला," लिमयांनी वाक्य पुरं केलं.

रावसाहेब चौकटीवर वाकले. वाळूकडे पाहत राहिले. निळं निशाण थरथरत होतं. पंख्याचा वारा असेल, पण शेजारची लाल निशाणं स्तब्ध होती. तितक्यात ते पुढे सरकलं. थोडंसंच, मूल झोपेत कूस बदलतं तेवढं.

रावसाहेबांनी काठी आडवी धरली. छावणीच्या भिंतीमागून त्यांनी ती वाळूवरून पुढे लोटली, आणि हिरवी निशाणं, एकूण एक, कालवा ओलांडून माळावर काढली.

"ओव्हाळसाहेब," लिमये खाकरले, "बादशहा कालवा ओलांडून गेला नव्हता."

"माहीत आहे."

"मग हे इतिहासाला धरून नाही."

"नाही. तो गेला नाही, त्याची त्याला लाज. मी जातोय."

हॉलमध्ये हसू पसरलं. मागून कोणी म्हणालं, "वय झालं की असं होतं." कोणी म्हणालं, "चला, अडीचशे वर्षांनी का होईना, मोगल जिंकले." त्याला लगेच कोणीतरी "पावणेतीनशे" असं दुरुस्त केलं. लिमये श्रोत्यांकडे वळून चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच रावसाहेबांच्या वाळूला लोक हसत होते, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

सगळ्यांचे डोळे लिमयांवर होते. दाराशी उभ्या गोदाबाई आणि रावसाहेब, दोघांनीच ते पाहिलं. हिरव्या निशाणांच्या पुढे सपाट वाळूत एक खळगा पडला. ताटलीएवढा, गोल. मग त्याच्या पुढे दुसरा. मग ओळीने, एका वेळी कितीतरी, जड पावलं टाकत जावीत तसे, निळ्या निशाणाच्या दिशेने. पिवळी धूळ उठली आणि पहिल्या रांगेतले लोक खोकू लागले. लिमयांनी चष्मा काढून पुसला. रावसाहेबांच्या तळव्यांखाली चौकटीचं लाकूड धडधडत होतं, आणि धूळ खाली बसेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

६

प्रज्ञेशचा फोन त्याच संध्याकाळी आला. आधी सत्यशीलाबाईंनी घेतला, आणि या वेळी त्या रडल्या. मग रावसाहेब उभे राहिले.

"आम्ही पाचही जण ठीक आहोत, बाबा. समोरचा हात दिसत नव्हता. वाट चुकून आम्ही भलत्याच बाजूला, कड्याकडे चाललो होतो." तो थांबला. "मग मागून नगारा ऐकू आला."

"नगारा."

"म्हटलं ठाण्यावरून काहीतरी वाजवताहेत. आवाजाच्या दिशेने वळलो. आजूबाजूला खूप माणसं चालत असल्यासारखं वाटत होतं, पण दिसलं कोणीच नाही. बर्फात मोठाले गोल खड्डे होते, त्यातून पाय टाकत आलो. ठाण्यावर विचारलं, तर कोणी काही वाजवलंच नव्हतं." तो हसला, पण हसू पुरं झालं नाही. "डॉक्टर म्हणतात, थंडीत असे भास होतात. बाबा, आमच्या बुटांना पिवळी माती लागलीय. इथे तीन महिने माती बघितली नाही कोणी."

"साहेब," रावसाहेब लेकाला म्हणाले, "माती पुसू नका. दोन दिवस राहू द्या."

त्या संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी खीर केली. चाळणीचा विषय कायमचा मिटला.

७

सोमवारी जेवताना सत्यशीलाबाईंनी घास हातात धरून विचारलं, "अहो, वारज्यात आज कुणाची वरात आहे का? सकाळपासून वाजतंय."

रावसाहेबांनी ऐकलं होतं. धुमधुम पहाटेच सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबली होती. पुढे येत नव्हती, मागे जात नव्हती. हे थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं. ज्याने हलवलं त्याचा पुढचा हुकूम येईपर्यंत फौज अशीच थांबते.

त्यांनी जेवण पुरं केलं. कोट घातला, पदकं सरळ केली, फळीवरची डबी घेतली. "मॉडेल आवरून येतो," ते म्हणाले. सत्यशीलाबाईंनी कोटाची कॉलर नीट केली. बसमध्ये धुमधुम त्यांच्या मागोमाग होती. कर्वे रोडला मागे, डेक्कनला मागे, पुलावरही मागेच.

हॉलमध्ये छावणी ओस होती. माळही ओस होता. लाल निशाणं आडवी पडलेली. हिरवी सगळी चौकटीच्या कडेला, काल रावसाहेब जिथे उभे होते तिथे, रांगा धरून उभी होती, तोंडं त्यांच्याकडे करून. आणि त्यांच्या पुढे, सगळ्यात आधी, 'प्र'चं निळं. ते चिमटीत धरताच अलगद निघालं. रावसाहेबांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

आता भीती वाटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुपचूप वाळू पोत्यात भरावी, हॉलला कुलूप लावावं, लिमयांना म्हणावं तुमचं तुम्ही बघा, असंही एकदा मनात आलं. पण कालव्याकाठी एकदा एका बादशहाने या फौजेला असंच सोडलं होतं. तेव्हापासून ही माणसं पावणेतीनशे वर्षं थांबली होती, कोणीतरी 'चला' म्हणेल म्हणून. ते त्यांनी म्हटलं होतं. आता 'परत या' कोण म्हणणार?

त्यांनी डबीतून कोरं निळं निशाण काढलं. उस्तादाने शिकवलं होतं तसं ते पहिलं रोवायला हवं होतं. उशिरा का होईना, त्यांनी ते रोवलं. छावणीच्या मधोमध, बादशहाच्या जागी. मग टाचा जुळवून ते सावधान उभे राहिले.

धुमधुम रस्त्यावरून दुकानांपाशी आली. दुकानांपासून जिन्यात. लाकडी पायऱ्या एकेक करून दबत होत्या, आणि जिन्याच्या भिंतीला काहीतरी रुंद, खरखरीत, घासत वर येत होतं.

गोदाबाई दाराची कडी लावून पाठीने दार दाबून उभ्या होत्या. तोंडाला पदर. "साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "जिन्यात लई माणसं हायत. दिसत न्हाईत, पन हायत. कोन हायत ती?"

दाराच्या फटीतून पिवळी धूळ आत आली आणि रावसाहेबांच्या चकचकीत बुटांवर बसली.

"आपलीच आहेत," ते म्हणाले. "दार उघडा, गोदाबाई."